पाहुण्याची जागा : जुन्नर-आंबेगावचे जुने वाडे आणि त्यांचा नवा संसार

१/
आजचा धागा वरवर साध्या दिसणाऱ्या एका प्रश्नावर आहे. गावातील पिढीजात वाडा मोडकळीस आला आहे. वारसांपैकी कोणी तो दुरुस्त करू पाहतो आणि दुरुस्तीचा खर्च निघावा म्हणून त्याच्या एका भागात पर्यटकांना भाड्याने उतरवू इच्छितो. हा वारशाचा बाजार म्हणावा की वारशाचे रक्षण? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपाशी या प्रश्नाचे दोन हजार वर्षे जुने उत्तर आहे. ते क्रमाने पाहू.

२/
प्रश्न आजच का पडतो? शिवनेरी, नाणेघाट, माळशेज, अष्टविनायकांपैकी लेण्याद्री व ओझर आणि ज्योतिर्लिंग भीमाशंकर ही सारी ठिकाणे याच टापूत येतात. राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. त्यामुळे राहण्याच्या खोल्यांना मागणी आहे. दुसरीकडे जुन्या सागवानालाही मागणी आहे. वाडा 'उतरवून' खांब, तुळया आणि नक्षीची दारे विकणे हा वारसांपुढचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

३/
आधी भूगोल. या तालुक्यांची पश्चिम कड सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेली आणि मुसळधार पावसाची. पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला, उघड्या माळांचा. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्या काठाने घराची जातही बदलत जाते. घाटमाथ्याकडील महादेव कोळी वस्त्यांत कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती व उतरते छप्पर. पूर्वेकडे दगडमातीच्या रुंद भिंती व धाब्याची सपाट माळवदे. घर कसे असावे हे येथे आधी पावसाने ठरवले, मग माणसाने.

४/
आता पाहुण्याकडे वळू. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या व्यापारी मार्गाचे दार म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञ, दक्षिणा, गाईघोड्यांची दाने आणि त्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे आणि आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घाट चढून दमलेल्या तांड्याला आधी पाणी हवे, मग सावली, मग बाकीचे सारे.

५/
घाट उतरून जुन्नरला आले की हाच क्रम शिलालेखांत सापडतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. वर्षावासात भिक्षूंना राहता यावे म्हणून खोदलेली ही निवासस्थाने होत. दान देणाऱ्यांत परदेशी यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. पाणी, जेवण आणि खोली: उताऱ्याच्या जागेला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे खडकात कोरलेल्या आहेत.

६/
क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. त्यातही पोढी आणि मंडपाचे दान आहे. याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यातील त्याच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी वाटसरूंसाठी 'चतुःशाला' आणि 'प्रतिश्रय' बांधून दिल्याचा उल्लेख येतो. चतुःशाला म्हणजे मध्ये चौक आणि चारही बाजूंना सोपे असलेले घर. आजच्या वाड्याची वंशावळ थेट तेथपर्यंत नेण्याचे कारण नाही. पण चौकाचे घर आणि वाटसरूचा मुक्काम यांची ओळख या प्रदेशात फार जुनी आहे, एवढे यावरून निश्चित होते.

७/
या लेखांतील त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'अक्षयनीवी'. उषवदाताने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च भागवायचा होता. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे अशा ठेवी ठेवल्याचे दिसते. वास्तू एकदा उभी राहते, तिचा खर्च मात्र दरवर्षी येतो. म्हणून वास्तूबरोबर तिचे उत्पन्नही लावून द्यावे लागते. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा सारा प्रश्न या एका शब्दात सामावला आहे.

८/
तेथून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ. जुन्नर तेव्हा बिदरच्या बहमनी राज्यात होते. रशियातील त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोहोचला. चार महिने पाऊस आणि चिखल यांनी त्याला तेथेच अडकवून ठेवले. तेथील सुभेदार असदखानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो व वर सोन्याची नाणीही देतो, असे सांगितले. अखेर एका खुरासानी अधिकाऱ्याच्या रदबदलीने निकितिनचा धर्मही वाचला आणि घोडाही परत मिळाला.

९/
निकितिनच्या टिपणांत आपल्या विषयाला धरून एक नोंद आहे. परदेशी व्यापारी येथे उताऱ्याच्या घरांत राहतात, घरधनीण त्यांच्यासाठी रांधते आणि त्यांची अंथरुणे घालते, असे तो लिहितो. त्याच ओघात तिच्याविषयी त्याने केलेली काही विधाने आज परदेशी प्रवाशाची अतिशयोक्ती म्हणूनच वाचावी लागतात. तरीही पैसे घेऊन घरी मुक्काम देण्याची रीत आणि त्यामागचे स्त्रीचे कष्ट हे दोन्ही साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या या भागात एका परक्याला ठळकपणे दिसले होते. आज 'होमस्टे' म्हणून जे नवे मानले जाते, त्याचा मूळ नमुना हाच.

१०/
पुढे १४९० साली मलिक अहमदने याच जुन्नरच्या आधाराने निजामशाहीचा पाया घातला. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरच्या काळात काही वर्षे राजधानीही येथे होती. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. मोगल अमलात फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य येथील सुभेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला येऊन गेला. सांगायचा मुद्दा असा की हा टापू आडबाजूचा कधीच नव्हता. व्यापारी, भिक्षू, वैद्य, शिपाई, यात्रेकरू या सर्वांच्या मुक्कामाची सवय त्याच्या अंगी मुरलेली आहे.

११/
ज्याला आपण आज 'वाडा' म्हणतो, त्याचे परिचित रूप मुख्यतः पेशवाईत घडले: दगडी जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, खाली दगडाच्या आणि वर विटांच्या वा मातीच्या रुंद भिंती. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ओझे पेलतो तो मुख्यतः लाकडी सांगाडा. भिंत आडोसा करते, उष्णता अडवते आणि सांगाड्याला सावरते. दुरुस्ती करणाऱ्याने ही गोष्ट आधी ओळखली पाहिजे. भिंत फुगलेली दिसते म्हणून तीच पाडायला घेणारा पुष्कळदा मूळ दुखणे सोडून भलत्याच जागी घाव घालतो.

१२/
आता वाड्याची रचना बाहेरून आत जात पाहू. दिंडीचा दरवाजा, त्याला लागून पहारेकऱ्यांच्या देवड्या. मग पहिला चौक. त्याच्या कडेने पागा, गोठा, बाहेरच्या माणसाचे उतरण्याचे ठिकाण. पुढे कामकाजाची सदर आणि ओसरी. त्यामागे माजघर. त्याहून आत देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, धान्याची बळदे. शेवटी परसू आणि मागचे दार. प्रत्येक उंबरठ्यावर कोणी कोठवर यायचे हे ठरलेले असे. वाटसरूची, कुळाची, सोयऱ्याची आणि घरच्या सुनेची जागा निरनिराळी होती.

१३/
म्हणजे पाहुणा वाड्याला नवा नाही. त्याची जागा वाड्याच्या मूळ आखणीतच होती, आणि ती बाहेरच्या अंगाला होती. या धाग्याचे मुख्य म्हणणे येथे आहे. वाड्याचा गाभा घरासाठी राखावा आणि पागा, गोठा, पहिल्या चौकाची पडवी हा बाहेरचा भाग मुक्कामासाठी सिद्ध करावा. बाहेरच्या भागाने कमवावे आणि आतल्या भागाने टिकावे. एका परीने ही आजच्या काळातली अक्षयनीवीच होय. याउलट माजघर फोडून चार खोल्या काढल्या की वाड्याची भाषाच पुसली जाते. मग उरते ते नक्षीच्या खांबांचे लॉज.

१४/
मात्र त्या उंबरठ्यांचा इतिहास गोड करून सांगू नये. कोणी कोठवर यायचे हे पुष्कळदा जातीवरून ठरे. वाडा उभा राहिला तो गावच्या सुतार-लोहारांच्या, पाथरवटांच्या, कुंभारांच्या हातांनी आणि वेठीनेही. पण नाव राहिले ते मालकाचे. वाडा हे दप्तराचेही घर होते आणि सावकाराच्या वाड्यातले दप्तर म्हणजे कर्जाचे दप्तर. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात, सुपे येथे, शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले ते उगाच नव्हे. वाड्याची गोष्ट पाहुण्याला सांगायची, तर तीत हे पानही वाचले पाहिजे.

१५/
मग वाडे ओस का पडले? एक कारण उत्पन्नाचे. १९४८ चा कूळ कायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा आणि १९६२ चा पाटीलकी रद्द करणारा कायदा यांनी जमीन कसणाऱ्याला न्याय मिळाला. त्याच वेळी ज्या उत्पन्नावर वाडे पोसले जात होते, ते आटले. पुढच्या पिढ्या पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेल्या. कायदे योग्यच होते. परंतु सामाजिक अन्याय दूर झाला म्हणजे लाकडाला वाळवी लागायची थांबते असे नाही. वाड्याला नवे आणि न्याय्य उत्पन्न शोधून देण्याचे काम तेव्हा कोणी केले नाही.

१६/
दुसरे कारण भाऊबंदकीचे. तीन-चार पिढ्यांत एका वाड्याला वीस-पंचवीस वाटेकरी होतात. गावठाणातील घराला सातबारा नसतो. बहुतेकदा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८ तेवढा असतो. छपराचे एक कौल बदलायचे तरी संमती कोणाकोणाची घ्यायची? २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मिळाला, तेव्हा त्यांच्या सह्याही धरल्या पाहिजेत. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. वाडा दुरुस्तीची पहिली वीट ही अशी कागदाची असते.

१७/
तिसरे कारण पाण्याचे. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पूर्वेकडचे माळ हिरवे केले. द्राक्षे, कांदा, बटाटा यांना पाणी दिले. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या घरांना दुरुस्तीची संधीच मिळाली नाही. ज्यांचे घर अजून जमिनीवर उभे आहे, त्यांच्या निर्णयाला यामुळे अधिक वजन येते.

१८/
कायदा वाड्याला वाचवतो का? शिवनेरी आणि जुन्नरची लेणी यांना केंद्राचे संरक्षण आहे. पायथ्याच्या गावातील खासगी वाड्याला ते आपोआप मिळत नाही. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. तेथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. हे नियम स्मारकाच्या रक्षणासाठी आहेत. वाड्याचे रक्षण वारसाच्या इच्छेवरच अवलंबून राहते.

१९/
एक कायदा मात्र प्रत्येक वारसाने लक्षात ठेवावा: १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू कायदा. इमारतीपासून सुटा केलेला शंभर वर्षांहून जुना भाग त्याच्या व्याख्येत 'पुरावस्तू' ठरू शकतो. ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखितांना व कागदपत्रांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. नक्षीचा खांब किंवा गणेशपट्टी परस्पर परदेशी पाठवणे हा गुन्हा ठरतो. आणि माळ्यावरच्या रुमालात बांधलेले मोडी कागद रद्दीत टाकण्यापूर्वी कोणा जाणकाराला दाखवावेत. पुष्कळदा गावाचा इतिहास वाड्याच्या लाकडाहून त्या कागदांत अधिक असतो.

२०/
वापराने वास्तू टिकते, याची दोन उदाहरणे पाहू. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि पुन्हा उभा राहिला नाही. तट आणि जोती उरली. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडाही १८७९ मध्ये आगीत सापडला. पण तेथे १८२१ पासून पाठशाळा आणि पुढे इतर संस्था नांदत आल्या होत्या. लोकांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती केली आणि तो आजही उभा आहे. शेजारच्या खेड तालुक्यात वाफगावला होळकरांच्या भुईकोटात अनेक वर्षे रयत शिक्षण संस्थेची शाळा भरत असे. मुलांच्या वर्दळीने त्या भिंतींना जाग राहिली.

२१/
पण प्रत्येक वापर चांगलाच असतो का? सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा विषय निघाला, तेव्हा महाराष्ट्रभर संतापाची लाट उठली. शिवकालीन इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. त्या संतापाचा गाभा खरा होता. किल्ला ही साऱ्या समाजाची स्मृती आहे. तिच्या दारावर भाडेकरूचे कुलूप लागू नये. खासगी वाड्याची गोष्ट वेगळी. तेथे कुलूप आधीपासून आहेच. प्रश्न इतकाच की कुलपामागे घर राहील की उकिरडा.

२२/
इतर देशांनीही हा प्रश्न हाताळला आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पडायला आलेली जुनी घरे दुरुस्त करून सुटीसाठी भाड्याने देते आणि त्या भाड्यातून त्यांची निगा राखते. इटलीत १९७६ च्या फ्रिउली भूकंपानंतर ओस पडलेल्या खेड्यांचा विचार करताना 'अल्बेर्गो दिफ्फूझो' ही कल्पना पुढे आली: एक मोठे हॉटेल न बांधता गावातल्या निरनिराळ्या जुन्या घरांत खोल्या ठेवायच्या आणि पाहुण्याला गावाचा तात्पुरता रहिवासी करून घ्यायचे. आपल्याकडेही पुरंदर तालुक्यात पिलाजी जाधवरावांच्या अठराव्या शतकातील गढीचे हॉटेल झाले आहे. मात्र ते मोठ्या भांडवलाचे काम. गावच्या वाड्याला इटलीचे उदाहरण अधिक जवळचे.

२३/
आता दुरुस्तीच्या मर्माकडे येऊ. जुनी भिंत चुन्यामातीची असते आणि ती श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल तिच्या पृष्ठभागावरून वाळून जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते. आत माती भुसभुशीत होते आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात. वर्षा-दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात; मग मालक म्हणतो, जुने बांधकामच कच्चे होते. भारतात सिमेंटचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले ते १९१४ च्या सुमारास. त्याआधीची शतके ज्या भिंतीने काढली, तिला कच्ची म्हणणे अन्यायाचे आहे.

२४/
तिला हवा असतो चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मुरू द्यायची आणि घाणीत वाळूबरोबर मळायची. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना सावकाश पुन्हा दगड होतो. पारंपरिक मिश्रणात गूळ, बेलफळ आणि हिरडा यांचे पाणी घालत. यांतील हिरडा तर घरचाच: जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून गोळा करत आली आहेत. पूर्वेकडच्या वाड्याची दुरुस्ती पश्चिमेकडच्या रानाशी अशी जोडलेली आहे. तेव्हा दुरुस्तीचा पैसा त्या कुटुंबांपर्यंत पोहोचावा, हेही दुरुस्तीचाच भाग मानावे.

२५/
येथे एक गैरसमज दूर करू. 'मूळ रूपात आणायचे' म्हणून लोक आग्रहाने मंगलोरी कौले घालतात. पण मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. त्यापूर्वीच्या वाड्यांवर गावच्या कुंभाराने घडवलेली कौले असत किंवा धाब्याचे माळवद असे. म्हणजे 'परंपरा' म्हणून आपण जे जपतो, ते आपल्या खापरपणजोबांच्या काळातले आधुनिकीकरण असू शकते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जिवंत घर बदलत राहते. प्रत्येक बदल केव्हाचा आणि कशासाठी केलेला, हे ठाऊक असावे एवढेच.

२६/
१९६४ च्या व्हेनिस सनदेने संवर्धनाची जी तत्त्वे मांडली, त्यांतील दोन वाड्याला नेमकी लागू पडतात. वास्तूला समाजोपयोगी वापर द्यावा, पण त्या वापरापायी तिची मांडणी बदलू नये. आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपात मिसळावा, तरी तो नवा आहे हे ओळखता यावे. नवी तुळई घातली तर तिच्यावर साल कोरावे. धूर देऊन ती जुनी भासवू नये. जुन्याचे सोंग पाहुण्याला एक दिवस फसवते, अभ्यासकाला मात्र कायमचे चुकवते.

२७/
सर्वांत मोठी अडचण न्हाणीघराची. वाड्यात खोलीला लागून संडास-न्हाणी कधीच नव्हती. न्हाणी परसात आणि शौचकूप त्याहून दूर असे. आजच्या पाहुण्याला दोन्ही खोलीला लागून हवे असते. मातीच्या भिंतीतून नळ नेणे म्हणजे तिच्या पोटात पाणी सोडणे. म्हणून ओले काम गोठ्याच्या किंवा पागेच्या बाजूला, स्वतंत्र पाया घेऊन, पुढे गरज पडल्यास जुन्या भागाला धक्का न लावता काढता येईल असे करावे. विजेच्या तारा उघड्या नळ्यांतून न्याव्यात आणि आग विझवण्याची सोय आधी करावी. शनिवारवाड्याची आठवण त्यासाठीच करून दिली.

२८/
आणि शेवटी नावाची गोष्ट. असा वाडा खुला झाला की दारावर 'सरदारांचा शाही वाडा' अशी पाटी लागते. गावच्या पाटलाचा, कुलकर्ण्याचा किंवा व्यापाऱ्याचा वाडा असेल तर पाटीवर तसेच लिहावे. दगड कोणत्या खाणीचा, सुतार कोणत्या गावचा, वतन केव्हा गेले, कोणता सोपा केव्हा पडला आणि केव्हा बांधला, हे चार ओळींत मांडावे. निकितिनला रांधून घालणाऱ्या घरधनीणीचे नाव इतिहासाला माहीत नाही. आजच्या मुक्कामाच्या हिशेबात तरी स्वयंपाक करणाऱ्या बाईचे नाव आणि तिचा वाटा लिहिलेला असावा.

२९/
या तरुण वाचकवर्गाला एक काम सुचवतो. पुढच्या सुटीत आपल्या गावातला एखादा वाडा, मालकाच्या परवानगीने, खणांत मोजा. दरवाजापासून परसापर्यंतचा नकाशा कागदावर काढा. कोणता भाग कोणत्या काळचा, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यावर नोंदवा. तुळयांची टोके, भिंतींची ओल, कौलांचे प्रकार यांची छायाचित्रे घ्या आणि एक प्रत मालकाला द्या. वाडा दुरुस्त होवो वा उतरवला जावो, ही नोंद मागे राहील. आणि दुरुस्त करायचा ठरला, तर गवंड्याच्या हाती देण्याजोगा पहिला कागद तोच असेल.

३०/
धागा येथे पूर्ण होतो. आपल्या गावच्या वाड्यात पाहुण्याची जागा कोठे होती: देवडीत, ओसरीवर, माडीवर की पागेशेजारी? त्या भागाला तुमच्याकडे कोणता शब्द आहे? खाली अवश्य लिहा. असे शब्द कोशांत सापडतीलच असे नाही. ज्यांनी तो उंबरठा ओलांडला, त्यांच्या तोंडी ते अजून आहेत.